मोटर उलगडली की टोकं उघडी पडतात

लिनिअर मोटर समजावताना बहुतेक जण एकच युक्ती वापरतात. साधी गोल मोटर घ्या, एका जागी उभी चिरा आणि चटईसारखी सपाट उलगडा. स्थिर भागाचा, म्हणजे स्टेटरचा झाला पट्टा, फिरणाऱ्या भागाची, म्हणजे रोटरची झाली पट्टी, फिरणं गेलं आणि सरकणं आलं. यात खोटं काही नाही. पण इथेच थांबलं तर या मोटरची अर्धी गंमत आणि जवळपास सगळी दुखणी सांगायची राहून जातात. गोल मोटरला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. चिरल्यावर तिला दोन टोकं आली, दोघांमधली फट, म्हणजे गॅप सांभाळणारा शाफ्ट गेला, आणि चालत राहिली तर ती कुठेतरी जाऊन धडकणार हेही आलं. पुढचं बरंचसं या तीन गोष्टींभोवती फिरतं.

आधी मूळ काम. लोखंडी लॅमिनेशनच्या (पातळ पत्रे रचून केलेल्या) पट्ट्यात ओळीने स्लॉट, म्हणजे खाचा असतात आणि त्यांत तीन फेजचं वाइंडिंग (तारेची वेटोळी) बसवलेलं असतं. तीन फेजचे प्रवाह एकामागोमाग वाढतात, उतरतात. त्यामुळे उत्तर-दक्षिण ध्रुवांची लाट पट्ट्यावरून एका दिशेने सरकत जाते. एका ध्रुवाच्या मध्यापासून शेजारच्या ध्रुवाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे ध्रुवांतर. वारंवारतेच्या एका आवर्तनात लाट दोन ध्रुवांतरं पुढे जाते, म्हणून

वेग = २ × ध्रुवांतर × वारंवारता.

ध्रुवांतर २० सेंटीमीटर आणि वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर लाट सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर पळते. गोल मोटरवर हात बसलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तिकडे ध्रुव वाढवले की आरपीएम उतरतो. इथे ध्रुवांची संख्या चार करा नाहीतर चौदा, वेग तोच राहतो. रेटा वाढतो फक्त. वेग बदलायचा तर वारंवारता बदला, नाहीतर ध्रुवांतरच वेगळं ठेवून नवं वाइंडिंग करा.

या लाटेला धरून कोण धावतं, यावरून दोन घराणी पडतात. समोर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा साधा पत्रा असेल तर त्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह) उठतात आणि पत्रा लाटेमागे थोडा रेंगाळत धावतो. ही इंडक्शन मोटर. दहा टक्के स्लिप (लाटेमागे रेंगाळणं) धरली तर वरच्या उदाहरणात पत्रा सेकंदाला १८ मीटर जाईल. पत्र्याच्या जागी कायम चुंबकांची रांग असेल तर ती लाटेला चिकटून, बरोबर तिच्याच वेगाने जाते. ही सिंक्रोनस मोटर. पहिली दांडगट, स्वस्त आणि धूळमाती सोसणारी. दुसरी नेमकी, महाग आणि नाजूक.

इंडक्शन प्रकाराचं खरं गणित गॅपमध्ये आहे. गोल इंडक्शन मोटरमध्ये रोटर आणि स्टेटर यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर हवा असते, कारण दोन बेअरिंग शाफ्टला जागेवर धरून ठेवतात. रेल्वेच्या डब्याखाली टांगलेल्या मोटरला ही चैन नाही. तिथे १० ते १२ मिलिमीटर जागा सोडावीच लागते. शिवाय ॲल्युमिनियम चुंबकीय नसल्यामुळे त्याची जाडीही चुंबकीय क्षेत्राच्या लेखी हवाच. बहुतेक मॅग्नेटायझिंग करंट (क्षेत्र उभं करणारा प्रवाह) ही दरी ओलांडण्यात खर्ची पडतो आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामाला येणारा वाटा, ढासळतो.

मँचेस्टरला आणि पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात या मोटरांवर आयुष्य घालवलेल्या एरिक लेथवेट यांनी यासाठी एक मापच काढलं, त्याला गुडनेस फॅक्टर म्हणतात. ते ध्रुवांतराच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर गॅपच्या आणि पत्र्याच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतं. ध्रुवांतर २० सेंटीमीटर, ५० हर्ट्झ, ५ मिलिमीटर ॲल्युमिनियम आणि १२ मिलिमीटर मोकळी हवा असा हिशेब केला तर आकडा १७ च्या आसपास येतो. बाकी सगळं तसंच ठेवून ध्रुवांतर ५ सेंटीमीटर करा. तो सोळापट घसरून जेमतेम १ उरतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधली छोटी लिनिअर मोटर घूं-घूं करते, तापते आणि पत्रा मात्र ढिम्म हलत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा वाइंडिंगमधली चूक नसते. लहान आकाराची इंडक्शन मोटर मुळातच कमकुवत असते. प्रोजेक्ट चालवायचाच असेल तर गॅप कमी करा, पत्र्यामागे लोखंडी पट्टी लावा आणि ध्रुव जमेल तितके लांब ठेवा.

आता टोकं. गोल मोटरमध्ये रोटरचा प्रत्येक भाग कायम चुंबकीय क्षेत्रातच असतो. इथे पत्र्याचा नवा, ‘कोरा’ तुकडा सतत मोटरखाली शिरत असतो आणि लेन्झच्या नियमाला जागून आत येणाऱ्या क्षेत्राला विरोध करत असतो. त्यामुळे पुढच्या एकदोन ध्रुवांखाली क्षेत्र पुरतं उभंच राहत नाही आणि तिथलं तांबं जवळजवळ फुकट तापतं. मागच्या टोकाशी उलटा प्रकार होतो. पत्रा बाहेर पडतो, क्षेत्र एकदम तुटतं, आणि पत्र्यात उरलेले प्रवाह मागे फरफटत येतात. ते रेटा देत नाहीत, उलट ओढ लावतात. वेग वाढेल तसा हा एंड इफेक्ट वाढत जातो. त्यावर उपाय म्हणजे मोटर लांब करून जास्त ध्रुव घालणं, म्हणजे टोकांचा वाटा कमी होतो. मघाशी ध्रुव वाढवून वेग बदलत नाही म्हटलं. ते वाढवण्याचं कारण हे.

टोकांचं दुसरं दुखणं मोटर उभी असतानाही दिसतं. कडेच्या कॉइलना एका बाजूला शेजारी नसतो, त्यामुळे तिन्ही फेजचा इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला कॉइल करते तो विरोध) सारखा येत नाही. संतुलित सप्लाय दिला तरी तीन ॲमीटरवर तीन वेगळे आकडे दिसतात. नवीन माणूस इथे शॉर्ट शोधत बसतो. आधी रोध मोजावा. तो तिन्ही फेजचा सारखा असेल तर वाइंडिंग बहुधा ठीक आहे.

इतके तोटे असूनही मेट्रोवाले ही मोटर का घेतात? कारण ती चपटी आहे. डब्याखाली गोल मोटर आणि गिअरबॉक्स मावायची गरज उरत नाही, मजला खाली येतो आणि बोगद्याचा व्यास कमी होतो. बोगद्यात खोदकामाचा पैसा हाच मोठा पैसा. ओसाकात १९९० साली आणि टोकियोच्या ओएडो मार्गावर १९९१ साली हाच विचार होता. शिवाय रेटा चाकातून येत नाही. चाकं फक्त वजन वाहतात, त्यामुळे रूळ ओले असोत की चढ तीव्र असो, घसरण्याचा प्रश्न नाही. व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८५-८६ पासून अशीच धावते. रुळांच्या मधोमध दिसणारी सपाट पट्टी म्हणजे तिच्या मोटरचं दुसरं अंग. देखभालीत एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. चाकं झिजली की डबा खाली बसतो आणि त्याबरोबर मोटरही. त्रिज्या ३ मिलिमीटर झिजली तर १२ चा गॅप ९ होतो, म्हणून मोटर टांगायच्या जागी उंची पुन्हा लावून घ्यावी लागते.

हवेत तरंगणाऱ्या गाड्या हा याच मोटरचा झगमगीत चुलतभाऊ. हर्मान केंपर यांनी १९३४ मध्ये जर्मनीत चुंबकाने तरंगणाऱ्या रेल्वेचं पेटंट घेतलं होतं. पण तरंगणं आणि ढकलणं ही दोन वेगळी कामं आहेत. बर्मिंगहॅम विमानतळावर १९८४ ते १९९५ चाललेली गाडी आणि जपानमधली २००५ ची लिनिमो या दोन्ही कमी वेगाच्या, डब्यात इंडक्शन मोटर असलेल्या. शांघायची गाडी पूर्वी ताशी ४३१ किलोमीटर गाठायची. एवढ्या वेगाला डब्यातच मोटर ठेवायची तर धावत्या गाडीला मेगावॅटमध्ये वीज पोचवावी लागली असती. म्हणून तिथे तीन फेजचं वाइंडिंग सुमारे ३० किलोमीटरच्या मार्गातच पसरलंय आणि डब्यात फक्त विद्युतचुंबक आहेत. तेच गाडीला साधारण १० मिलिमीटर अंतरावर तरंगत ठेवतात. सगळा मार्ग एकदम चालू नसतो. गाडी ज्या तुकड्यावर आहे तेवढ्यालाच सबस्टेशन प्रवाह देतं. म्हणजे वेग ठरतो तो सबस्टेशनच्या इन्व्हर्टरच्या (हवी ती वारंवारता बनवणाऱ्या उपकरणाच्या) वारंवारतेवर. २०१५ साली यामानाशीच्या चाचणी मार्गावर ताशी ६०३ किलोमीटर गेलेल्या जपानी गाडीत अतिवाहक चुंबक आहेत आणि गॅप सुमारे १० सेंटीमीटर. क्षेत्र इतकं जोरदार असलं की एवढी दरीही परवडते. कमी वेगात मात्र ती गाडी रबरी चाकांवरच चालते.

अमेरिकी विमानवाहू जहाज ‘जेराल्ड फोर्ड’वर विमान भिरकावून देणाऱ्या वाफेच्या कॅटपल्टच्या जागी लिनिअर इंडक्शन मोटर आली. दोन-तीन सेकंदांत १२२ मेगाजूलपर्यंत ऊर्जा द्यायची तर जहाजाच्या जनरेटरला ती थेट झेपणार नाही. म्हणून आधी ती फिरत्या यंत्रांमध्ये साठवतात आणि उड्डाणाच्या वेळी ओततात. रोलर कोस्टरमध्ये तेच तत्त्व लहान प्रमाणावर दिसतं. डब्याखाली उभी ॲल्युमिनियमची फळी आणि दोन्ही बाजूंना स्टेटर, म्हणजे एका बाजूची ओढ दुसरी खोडते. पण त्यांचे ब्रेक मला मोटरपेक्षाही आवडतात. कायम चुंबकांच्या फटीतून तांब्याची फळी जाते, एडी करंट उठतात, गाडी मंदावते. त्याला वीज लागत नाही, म्हणून वीज गेल्याने ते बंदही पडत नाहीत. त्यांची मर्यादा एकच. वेग शून्याकडे गेला की बलही शून्याकडे जातं. उतारावर गाडी पूर्ण धरून ठेवायची असेल तर घर्षणाचा ब्रेक वेगळा हवाच.

आता कारखान्यातली मोटर. सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी) मशीन, चिप बनवायची यंत्रं, सर्किट बोर्डवर सुटे भाग बसवणारी यंत्रं, यांत लिनिअर मोटर असली तर ती बहुधा सिंक्रोनस सर्वो असते, म्हणजे आपली जागा मोजत स्वतःला सावरत चालणारी. लोखंडी गाभ्याची मोटर जास्त रेटा देते, पण तिच्यात आणि चुंबकांत सरळ ओढ असते, रेट्याच्या कित्येक पट. ती सगळी गाइडच्या बेअरिंगवर येते. शिवाय स्लॉटांमधले दात चुंबकांवरून जाताना कोगिंग (झटके घेत अडखळणं) होतं. चुंबक थोडे तिरके लावून स्लॉटचं कोगिंग मरतं, पण गाभ्याच्या दोन टोकांचं वेगळं उरतंच. त्यासाठी गाभ्याची लांबी मोजून ठरवतात किंवा कडेच्या दातांना उतार देतात. गाभाच नको असेल तर इपॉक्सीत ओतलेली कॉइल यू आकाराच्या चुंबकखाचेतून धावते. ना ओढ, ना कोगिंग. मात्र कॉइलला उष्णता बाहेर टाकायला लोखंड नाही, त्यामुळे जास्त लोड टाकलात की ती लवकर जळते. तिसरा प्रकार नळीचा, दांड्यावर सरकणारी कॉइल. दांडा फक्त टोकांना धरलेला असल्याने स्ट्रोक वाढला की तो मधोमध झोळतो.

मोटर निवडताना लोक कॅटलॉगमधला पीक रेटा बघतात. बघायचा असतो आरएमएस, म्हणजे पूर्ण चक्रातल्या बलाच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. समजा १० किलोची ट्रॉली (कॉइलचं वजन धरून) ३०० मिलिमीटर अंतर ०.२ सेकंदात कापते, मग ०.२ सेकंद थांबते. अर्धा वेळ वेग वाढवायचा, अर्धा वेळ उतरवायचा. त्वरण येतं ३० मीटर प्रति सेकंद वर्ग, कमाल वेग सेकंदाला ३ मीटर. बल ३०० न्यूटन. घर्षण २० धरलं तर सुटताना ३२० आणि थांबताना २८०. पूर्ण ०.४ सेकंदांच्या चक्राचा आरएमएस काढला की २१३ न्यूटन. त्यावर तीसेक टक्के राखीव ठेवून २८० न्यूटन सततचा रेटा देणारी मोटर घ्यावी.

मग उष्णता. मोटर कॉन्स्टंट म्हणजे एका वॅटच्या उष्णतेच्या वर्गमुळामागे किती न्यूटन. तो ४० असेल तर २१३ भागिले ४०, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे २८ वॅट. कॉन्स्टंट २० असलेली स्वस्त मोटर घेतलीत तर तेच काम करताना ११३ वॅट तापेल. ही उष्णता बॉल स्क्रू (टेबल सरकवणारा लांब स्क्रू) फिरवणाऱ्या मोटरसारखी एका कोपऱ्यात राहत नाही. कॉइल टेबलालाच चिकटलेली असते. अर्ध्या मीटरचं पोलादी टेबल ५ अंशांनी तापलं की २९ मायक्रॉन वाढतं. मायक्रॉनची अचूकता हवी म्हणून लिनिअर मोटर घेतली आणि कूलिंग टाळलं, तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

बसवताना सगळ्यात आधी चुंबकांची भीती बाळगा. दोन चुंबकपट्ट्या एकमेकींवर आपटल्या तर मधलं बोट वाचत नाही. एका वेळी एकच पट्टी खोक्यातून काढावी, पितळी किंवा तत्सम अचुंबकीय पाने वापरावेत, हातातलं घड्याळ काढून ठेवावं आणि पेसमेकर असलेल्याने त्या खोलीत येऊ नये. ट्रॅकचा क्रम असा: आधी ट्रॅकच्या अर्ध्या लांबीवरच पट्ट्या लावा, उरलेल्या मोकळ्या बेडवर टेबल आणि कॉइल बसवा, टेबल हाताने सरकवत चुंबकांवर आणा, मग उरलेल्या पट्ट्या लावा. कॉइल वरून थेट चुंबकांवर उतरवायला गेलात तर शेवटचे काही मिलिमीटर ती तुमच्या हातात राहत नाही. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर शेजारचे ध्रुव विरुद्ध हवेत. चुंबकीय क्षेत्र दाखवणारी फिल्म ठेवून पाहा. गॅप प्लास्टिकच्या किंवा पितळी शिमने दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासा.

मग विजेचा भाग. ड्राइव्ह (मोटरला प्रवाह देणारं उपकरण) बंद ठेवून टेबल हाताने पुढे ढकला, एन्कोडरचा (टेबलाची जागा मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा वाढला पाहिजे. त्याच दिशेला ढकलताना तिन्ही फेजच्या बॅक ईएमएफचा (हलण्यामुळे कॉइलमध्ये उठणाऱ्या व्होल्टेजचा) क्रम ऑसिलोस्कोपवर बघा. हे दोन जुळत नसतील तर ड्राइव्ह चालू करताच टेबल उलट्या दिशेने सुसाट सुटेल. चुंबक नेमके कुठे आहेत हे ड्राइव्हला हॉल सेन्सर सांगतो. तो नसेल तर ड्राइव्ह थोडा प्रवाह सोडून, टेबल हलवून जागा शोधतो. आडव्या ॲक्सिसवर हे चालतं. उभ्यावर वजनच टेबलाला खाली खेचतं, अंदाज चुकतो. तिथे हॉल किंवा ॲब्सोल्यूट (न हलताच खरी जागा सांगणारा) एन्कोडर लावा, काटकसर करू नका.

चालू झाल्यावर काय बिघडतं? टेबल ठरावीक अंतराने थरथरत असेल तर ते अंतर मोजा. ते ध्रुवांतराशी जुळलं तर कोगिंग किंवा चुकलेलं कम्युटेशन (चुंबकांच्या जागेनुसार फेजचे प्रवाह बदलणं). अंतराशी काही संबंध नसून एकाच सुरात किंचाळत असेल तर बहुधा एन्कोडरच्या रीडहेडचा (खुणा वाचणाऱ्या डोक्याचा) ब्रॅकेट लवचिक आहे आणि गेन (चुकीला सर्वो किती जोरात उत्तर देतो ते) कमी करणं हा उपाय नाही, ब्रॅकेट जाड करणं हा आहे. इथे स्क्रूचा ताठरपणा नाही. टेबल जागेवर राहतं ते फक्त सर्वोच्या पकडीमुळे. रेटा हळूहळू कमी पडू लागला तर चुंबक तापले असणार. निओडिमियम दर अंशाला साधारण ०.१२ टक्के ताकद तात्पुरती गमावतो, पण साध्या ग्रेडला ८० अंशांच्या वर नेलंत तर गेलेली ताकद परत येत नाही. ओतीव लोखंडाचा चुरा चुंबकांवर साचतो, गॅप भरतो आणि कॉइलची इपॉक्सी घासतो. त्यामुळे बेलोज (घड्यांचं आवरण) नसलेल्या मशीनवर लोखंडकाम करू नये. आणि सतत वाकणारी मोटरची केबल हा घासून संपणारा भाग आहे, हे धरूनच चाला.

वीज गेली तर? १० किलोचं टेबल ३ मीटर वेगाने ४५ जूल घेऊन टोकाकडे जातंय आणि त्याला अडवायला स्क्रूचं घर्षणही नाही. टोकांना या ऊर्जेसाठी मोजलेले डँपर लावा, रबराचा तुकडा पुरत नाही. फेज शॉर्ट करून डायनॅमिक ब्रेक मिळतो, पण रोलर कोस्टरसारखाच, वेग गेला की पकडही गेली. म्हणून उभ्या ॲक्सिसला यांत्रिक ब्रेक आणि वजन तोलायला हवेचा सिलिंडर किंवा प्रतिभार लागतोच.

घरातल्या वस्तूंतही हे भाऊबंद आहेत. स्पीकरची कॉइल आणि हार्डडिस्कचं डोकं हलवणारी कॉइल या एकाच फेजच्या, कम्युटेशन नसलेल्या छोट्या मोटरा आहेत. क्षेत्र गुणिले तारेची लांबी गुणिले प्रवाह, एवढंच बल. काही फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टन स्प्रिंगवर डोलतो आणि लिनिअर मोटर त्याच्या नैसर्गिक वारंवारतेला झोके देते. क्रँकच नसल्यामुळे पिस्टन किती पुढे जाणार हे यंत्रणा ठरवत नाही, कंट्रोल ठरवतो. तो चुकला की पिस्टन झाकणाला आपटतो.

शेवटी एक प्रकार, ज्यात हलणारा पत्राच नाही. काही अणुभट्ट्यांमध्ये शीतक म्हणून द्रवरूप सोडियम वापरतात. तो विजेचा उत्तम वाहक असतो. नळीभोवती तीन फेजचं वाइंडिंग गुंडाळलं की लाट सोडियमलाच ओढत नेते. फिरणारा भाग नाही, सील नाही, म्हणजे पाण्याचा थेंब लागताच पेटणारा हा धातू गळायला फटही नाही. पण टोकांनी इथेही पाठ सोडलेली नाही. सोडियम वाइंडिंगखाली शिरताना आणि बाहेर पडताना तोच एंड इफेक्ट होतो आणि दाबात सप्लायच्या दुप्पट वारंवारतेची कंपनं उठतात. ती कमी करायला दोन्ही कडांच्या कॉइलमधले वेढे पायरीपायरीने कमी करत नेतात, म्हणजे सोडियमला क्षेत्र एकदम लागत नाही आणि एकदम सुटतही नाही.